गाडीत चार्जिंग न्हाय

शोरूममधल्या पोरानं मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "मॅडम, रेंज किती पाहिजे?"

"म्हंजे?"

"म्हणजे एकदा चार्ज केली की गाडी कुठंपर्यंत जायला पाहिजे? तुमचं जाणं-येणं कुठलं?"

"फुलेवाडी ते दवाखाना," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. व्हय, 'करतोय'च म्हणायचं. मी बाईमाणूस हाय, पण कोल्हापूरची हाय, आन् आमच्यात बायकाबी 'मी येतो, मी जातो' असंच बोलत्यात. कुणाला खटकत असंल तर त्यानं कानात बोळं घालावं. ह्या वयात मी काय भाषा बदलणार न्हाय.

पोराचं नाव संगमेश. गडहिंग्लजच्या पलीकडचा, बोलण्यात कन्नडचा हेल. पोरगं गुणी हुतं. त्यानं मला गाडीभोवती फिरवून सगळं दाखवलं. छत उघडतंय, आरसे आपोआप मिटत्यात, पुढच्या पडद्यावर गाणी लागत्यात. मी म्हटलं, "बाबा, ते सगळं ऱ्हाऊ दे. मला एकच सांग. ह्यात डिझेल लागतंय?"

"नाही अक्का. थेंबभर पण नाही."

"म्हंजे 'डिझेल न्हाय' असं सांगून ही गाडी कुणी दारात उभी करून ठेवू शकत न्हाय."

ते हसलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आन् हसायचं थांबलं.

"ठरली," मी म्हटलं.

आता ते डिझेलचं काय ते सांगतो, न्हायतर तुम्ही म्हणाल बाईचं डोकं फिरलंय. तसं म्हणणारे आधीच लई झालेत.

फुलेवाडीत सासऱ्यांनी दोन पोरांसाठी एका कंपौंडात दोन घरं बांधली, तोंडाला तोंड लावून. मधी फरशीचं अंगण, गेट एकच. एका घरात मी आन् आमचं मालक, सयाजी. मालक डेअरीत नोकरीला, आन् माझा नाक्यावर मिरची कांडपाचा डंका. निम्म्या फुलेवाडीची चटणी माझ्याकडं कुटून जाती. समोरच्या घरात धाकटा दीर विजयसिंह, त्याची बायको पूर्णिमा आन् पोरगा यशराज. सासऱ्यांची बहीण झुंबरबाईबी त्यांच्यातच. त्या आमच्या आत्याबाई. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा.

विजयसिंह प्लॉटचे व्यवहार करतोय. पांढरी कापडं, पांढरी चप्पल, आन् पांढरी डिझेल गाडी, ही एवढी उंच. त्या गाडीला त्यानं नवे पांढरे सीट कव्हर घातले हुते आन् त्याच्यावरचं प्लास्टिकबी काढलं न्हवतं. बसायचं म्हटलं की आधी चप्पल झाडा. तोंडात काय असंल तर थुकून या. आत्याबाईंनासुद्धा एकदा मांडीवर रुमाल टाकून बसवलं, प्रसादाचं तेल सांडंल म्हणून. आम्ही हसायचो. मालक तर लई हसायचं.

त्या दिवशी सकाळी मालक दुधाची पिशवी घेऊन आलं आन् अंगणातच खाली बसलं. घाम असा की सदरा पिळून घ्यावा. हात छातीवर. मग वांती झाली, तिथंच फरशीवर. मी पळत समोर गेलो. विजयसिंह कट्ट्यावर बसून दात घासत हुता आन् गाडी त्याच्या बाजूला धुऊन-पुसून उभी.

"भाऊजी, गाडी काढा. ह्यांना काय तरी व्हायलंय."

त्यानं मालकांकडं बघितलं. मालकांना परत वांती झाली. मग त्यानं गाडीकडं बघितलं. तोंडातला फेस थुकला आन् म्हणाला, "डिझेल न्हाय वहिनी. रात्रीच संपलंय. रिक्षा बघा."

रिक्षा बघा म्हणे! मी अनवाणी नाक्यावर पळत गेलो. त्या वेळेला रिक्षा कुठली गावायला? गावली तवर मालकांचं ओठ निळं पडलं हुतं. रंकाळ्याच्या कडेला त्यांनी माझ्या मांडीवर मान टाकली. रिक्षावाला सारखा मागं वळून बघायचा आन् परत गाडी पिळायचा. दवाखान्यात डॉक्टर लागला तो नुसतं 'गेलेत' एवढं सांगायला.

आन् दुपारी? दुपारी तीच पांढरी गाडी शववाहिकेच्या मागं पावण्यांना घेऊन पंचगंगेवर गेली. मी दवाखान्यात असताना ती जागची हलली न्हवती असं शेजारची म्हणाली, आन् परत आलो तवापासनं मी दारातच बसलेलो. नंतर त्यात बसून गेलेल्या एकेकाला मी विचारलं, वाटेत पंपावर थांबलासा काय? न्हाय म्हणाले. मग गाडी पाण्यावर चालली काय?

दहाव्याला ह्यो बाबा सगळ्यांच्या म्होरं ढसाढसा रडला. "माझ्या दादाची वेळ आली तवा माझ्याच गाडीत डिझेल नसावं!" असं म्हणत कपाळ बडवून घेतलं. बायका त्याला पाणी द्यायला लागल्या. त्याला! नवरा माझा गेलेला आन् पाणी त्याला. मी उठलो आन् म्हटलं, "खोटं बोलतोय ह्यो. टाकी भरलेली हुती." आत्याबाई म्हणाल्या, "संयोगिता, दुःखानं तुझं डोकं ठिकाणावर न्हाय. बस खाली."

मी बसलो. ते खाली बसणं मी इसरलो न्हाय.

त्या दिवशीच ठरवलं. मला त्याचं घर नको, जमीन नको, प्लॉट नको. त्याच्या तोंडातनं, आत्याबाईंच्या म्होरं, टाकी भरलेली हुती एवढं मला वदवून घ्यायचं हाय. आन् ते कसं ह्याचाबी इचार झाला. वेळ काय एकट्या माझ्यावरच येती व्हय? त्याच्यावरबी कधी तरी येईल. तवा गाडी माझ्या दारात पाहिजे. त्यानं मागायला यायला पाहिजे. आन् मी तोंडावर म्हणणार, "गाडीत चार्जिंग न्हाय. रिक्षा बघा."

डंक्याचा आवाज एवढा की आपलं आपल्याला ऐकू येत न्हाय. त्या आवाजात मी हे वाक्य रोज म्हणायचो. कधी चढ्या आवाजात, कधी गोड. गिऱ्हाइकांना वाटायचं बाई स्तोत्र म्हणती.

तर गाडी. संगमेशनं पांढरा रंग दाखवला, "अक्का, ह्याला डिमांड आहे." मी म्हटलं, पांढरा सोडून कुठलाबी दाखव. लाल घेतली. ब्याडगी मिरचीला येतोय तसला लाल, नजरेला झोंबणारा. मालकांच्या विम्याचं पैसे आलं हुतं. दुसऱ्या कशाला ते वापरायला माझा हातच झाला नसता. बुकिंग केलं, संगमेशनं पेढा दिला, आन् गाडी यायला वेळ लागंल म्हणाला. मी म्हटलं, लागू दे, मला कुठं घाई हाय.

तवर ड्रायव्हिंगचा क्लास लावला. शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "काकी, ह्या वयात कशाला?" दुसऱ्या दिवशी मी त्याला शिंगणापूर रोडला असा नेला की त्यानं परत प्रश्न विचारला न्हाय.

विजयसिंहला कळायचं ते कळलंच. कट्ट्यावर बसून मित्रांना सांगायचा, "आमच्या वहिनी चाकाचा मोबाईल घ्यायल्यात. रोज चार्जिंगला लावायचा." ती हसायची. मी तुळशीला पाणी घालत ऐकायचो. हस लेका, हस.

मग चार्जर बसवायला वायरमन आला. वीज बोर्डाकडनं लोड वाढवून घेतला हुता, नवीन वायर ओढली हुती, फक्त जागा ठरायची हुती. वायरमन म्हणाला, "काकी, जिन्याखाली बसवू. ऊन-पाऊस लागणार न्हाय."

"अंगणाकडच्या भिंतीवर बसव," मी म्हटलं. "समोरच्या कट्ट्यावरनं दिसला पाहिजे."

चार्जरला एक दिवा असतोय. गाडी चार्ज व्हायली की निळा, भरली की हिरवा. टाकीत डिझेल किती हाय ते बाहेरनं कुणाला दिसत न्हाय, म्हणून माणूस दिवसाढवळ्या खोटं बोलून मोकळा हुतोय. माझं तसं न्हाय. तो हिरवा दिवा त्याच्या नाकाम्होरं जळत असताना मला म्हणायचं हुतं, चार्जिंग न्हाय. मला कळत हुतं तसं त्यालाबी कळायला पाहिजे की समोरचं माणूस खोटं बोलतंय. आन् तरी त्याला काय करता येऊ ने.

विजयसिंह आला नाचत. "कंपौंड सामाईक हाय वहिनी. उद्या स्फोट झाला म्हंजे?"

"झाला तर आधी माझं घर उडंल. तुम्हाला रडायला संधी मिळंल. तुम्हाला चांगलं जमतंय ते."

त्याचा चेहरा पडला आन् तो आत गेला.

त्याच दिवशी एक गंमत झाली. चार्जरला अर्थिंग लागतंय. विजेचा धक्का बिक्का बसू ने म्हणून वायर जमिनीत सोडायची असती. त्यासाठी वायरमननं भिंतीच्या कडेला, अंगणाच्या कोपऱ्यात खोल खड्डा काढला. त्यात पाईप उभी केली आन् भोवतीनं मीठ आन् कोळसा भरला. मीठ-कोळसा असला की ओल धरून ऱ्हाती आन् अर्थिंग चांगलं लागतंय म्हणे. वरनं पाणी ओतलं आन् बारकं झाकण बसवलं. मला काय म्हाईत त्या दिवशी अवस हाय? आन् मी डंक्यावरनं आलेलो, हात कोपरापर्यंत लाल, केस सुटलेले, खड्ड्यात वाकून बघतोय. विजयसिंहनं हे सगळं खिडकीतनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमा दबकत आली. जाऊ असली तरी पोर वाईट न्हाय ती. म्हणाली, "ताई, रागावू नका, पण हे रात्रभर झोपले न्हाईत. म्हणत्यात, वहिनींनी अवसेला अंगणात काय तरी पुरलंय."

मला आतनं असं हसू आलं म्हणता! प्लॉटचे एवढे व्यवहार करणारा, हातात दोन-दोन मोबाईल असलेला माणूस, आन् अर्थिंगच्या खड्ड्याला करणी समजून बसलाय! सांगितलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण कशाला सांगू?

"पुरलंय की," मी म्हटलं.

तवापासनं त्यो त्या कोपऱ्याकडनं जाईना. गेटला जायचं तर सगळ्या अंगणाला वळसा घालून जायचा. अर्थिंगला अधनंमधनं पाणी घालायचं असतंय, वायरमननंच सांगितलेलं. मी ते विजयसिंह कट्ट्यावर आला की घालायचो. तांब्या घेऊन, सावकाश, ओठ हलवत. काय पुटपुटत हुतो? कुणाची मिरची कुटायची ऱ्हायलीय त्यांची नावं. त्यो कट्ट्यावरनं उठून आत पळायचा. लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

गाडी आली. संगमेश स्वतः घेऊन आला. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, जोतिबाला जाऊन गुलाल लावून आणली. सीटवरचं प्लास्टिक मी पहिल्या दिवशी माझ्या हातानं टराटरा फाडलं. संगमेश म्हणाला, "अक्का, राहू दे की, सीट खराब होतील." मी म्हटलं, सीट बसायला असत्यात.

मग रोजचं सुरू झालं. डंक्यावरनं आलो की गाडी भिंतीला लावायची, पिस्तुलासारखी ती गन उचलून गाडीत खुपसायची, निळा दिवा लागायचा. सकाळी उठून बघावं तर हिरवा. कुठं जायचं असो नसो, मी गाडी कधी रिकामी ठेवली न्हाय. मला जायचं हुतं ते एकाच ठिकाणी. विजयसिंहनं खिडकीला जाड पडदा लावला. पडद्यातनं हिरवा उजेड दिसायचा म्हणे, पूर्णिमाच सांगत हुती.

एक रविवार उजाडला. यशराज मित्रांना घेऊन सकाळीच जोतिबाला गेलता, पांढरी गाडी घेऊन. मी अंगण झाडत हुतो. समोरनं पूर्णिमा किंचाळली.

वळून बघितलं. विजयसिंह कट्ट्यावर, बरोबर त्याच जागी, जिथं बसून त्यानं दात घासले हुते. पांढरा सदरा घामानं अंगाला चिकटलेला. हात छातीवर. पायाशी वांती.

"ताई, गाडी काढा! ॲम्ब्युलन्सला फोन केला तर निघाली म्हणत्यात नुसतं. काढा गाडी, पाया पडतो तुमच्या!"

आत्याबाईबी दारात आल्या, भिंतीला धरून. गेटबाहेर शेजारची माणसं जमायला लागली.

मी हातातला झाडू भिंतीला टेकवून ठेवला. एवढे दिस वाक्य घोकून ठेवलेलं. वाटलं हुतं, म्हणताना आवाज कापंल. न्हाय कापला.

"गाडीत चार्जिंग न्हाय," मी म्हटलं.

पूर्णिमा माझ्याकडं बघतच ऱ्हायली. विजयसिंहनं मान वर केली. त्याला कळलं. एका क्षणात कळलं, मी बघितलं त्याच्या डोळ्यात.

आत्याबाई ओरडल्या, "अगं, हिरवा दिवा लागलाय की तो! म्हातारी झालो म्हणून आंधळी न्हाय मी. खोटं का बोलतीस, बये?"

"आत्याबाई," मी म्हटलं, "मी खोटं बोलतोय हे तुम्हाला दिवा बघून कळलं. ह्यो खोटं बोलला तवा ह्याच्या टाकीला दिवा न्हवता. तवा तुम्ही मला खाली बसवलंसा."

आत्याबाईंनी विजयसिंहकडं बघितलं.

मी कट्ट्याजवळ गेलो. "बोला भाऊजी. त्या दिवशी टाकीत किती हुतं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाय. तो बघत हुता त्या कोपऱ्याकडं, खड्ड्याच्या झाकणाकडं. "वहिनी... ते खड्ड्यातलं काढा. माझा जीव चाललाय. काढा ते."

"आधी टाकीचं."

"फुल्ल हुती."

"मोठ्यानं. आत्याबाईंना ऐकू गेलं न्हाय."

"फुल्ल हुती! टाकी फुल्ल हुती. आदल्या दिवशीच भरलेली."

"मग?"

त्यानं डोळं मिटलं. "दादाला वांत्या व्हायल्या हुत्या, वहिनी... सीट नवं हुतं."

सीट नवं हुतं!

इतके दिस मी मनात काय काय धरून चाललो हुतो. वाटणीचा राग असंल. मालकांनी त्याला कधी चारचौघात बोलून अपमान केला असंल. घराच्या हिश्शावर डोळा असंल. रात्र-रात्र जागून मी कारणं शोधली हुती, मोठी-मोठी. आन् निघालं काय? सीट. माझा नवरा गेला तो पांढऱ्या सीटवर डाग पडू ने म्हणून.

पूर्णिमाचा हात त्याच्या खांद्यावर हुता. तो तिनं काढून घेतला. आत्याबाई उंबऱ्यावर मटकन खाली बसल्या. गेटबाहेरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

आता दुसरं वाक्य ऱ्हायलं हुतं. 'रिक्षा बघा.' ओठावर आलं हुतं, शप्पथ सांगतो. ते मी का बोललो न्हाय? लोकं म्हणत्यात, संयोगिताचं मन मोठं. डोंबल मोठं! मला दया बिया काय आली न्हाय. तो मेला असता म्हंजे सुटला असता. दहाव्याला परत सगळी रडली असती आन् मेलेल्याबद्दल वाईट बोलू ने म्हणून जे बोलला ते झाकून टाकलं असतं. मला तो जिता पाहिजे हुता. सीट नवं हुतं, असं म्हणालेला माणूस म्हणून रोज त्या कट्ट्यावर बसायला.

मी गन काढली, भिंतीला अडकवली. शेजारच्या दोघांना म्हटलं, "उचला ह्याला. पुढच्या सीटवर घाला, माझ्या बाजूला."

गाडीला आवाज न्हाय. त्याच्या पांढऱ्या गाडीचा आवाज सगळ्या गल्लीला कळतोय, त्यात माणूस कण्हला तरी ऐकू यायचं न्हाय. हितं सगळं ऐकू येत हुतं. त्याचा श्वास, मागं पूर्णिमाचं हुंदकं. वाटेत त्याला वांती झाली. सदऱ्यावर, सीटवर, सीटच्या कडेनं खाली. त्यानं हातानं पुसायचा प्रयत्न केला. आन् माझ्याकडं बघितलं असं, की मी आता त्याला उतरवणार.

"ओका," मी म्हटलं. "सीट बसायला असतंय."

रंकाळा आला. ती जागा मला म्हाईत हाय, तिथनं जाताना मी कायम दुसरीकडं बघतो. त्या दिवशी बघितलं. हितं मालकांनी मान टाकली हुती. ब्रेक मारला न्हाय, तसाच पुढं आलो. आन् तळं मागं पडतंय न पडतंय तवर दवाखान्याचं गेट. मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच दवाखान्यात आलो. एवढ्यात कसं आलो? एवढंच अंतर हुतं हे?

त्याला आत घेतलं. आम्ही दोघी बाकड्यावर बसलो. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आला आन् म्हणाला, "वेळेत आणलंत म्हणून वाचले. धोका टळलाय."

पूर्णिमानं माझा हात धरला. मी सोडवून घेतला आन् खाली पार्किंगला आलो. गाडीत बसलो, दार लावलं, काचा वर केल्या आन् बोंबलून रडलो. दहाव्याला रडलो नसंल एवढं. वेळेत आणलं की माणूस वाचतंय. इतकं सोपं हुतं ते. किल्ली फिरवायची आन् रंकाळा ओलांडायचा. आतमधी त्या वांतीचा वास दाटला हुता, तरी मला काच खाली कराविशी वाटली न्हाय.

भावकीत मी कुणाला काय सांगितलं न्हाय. गरजच पडली न्हाय. आत्याबाईंनी यशराजला जवळ बसवून एकेकाला फोन लावला. "दहाव्याला मी तिला गप्प बसवलं हुतं," एवढं म्हणून मग पुढचं सांगायच्या. शेवटचा फोन झाल्यावर अंगण ओलांडून माझ्याकडं आल्या आन् म्हणाल्या, "चहा कर बये." तवापासनं दुपारचा चहा माझ्याकडं घेत्यात.

यशराज आला हुता दोन-तीनदा. शरमलेला. "काकी, गाडी द्या, वॉशिंगला नेतो. सीट बदलून आणतो पाहिजे तर."

"कुणी हात लावायचा न्हाय," मी म्हटलं. गाडी तशीच बंद करून ठेवली, भिंतीला लावून, गन खुपसून, हिरवा दिवा जळत. डंक्यावर मी मालकांच्या स्कूटरवरनं जात हुतो. समोरच्यांनी काय समजायचं ते समजावं.

विजयसिंह घरी आला. वाळला हुता. डॉक्टरनं सकाळ-संध्याकाळ अंगणात फिरायला सांगितलेलं. तो फिरायचा, कोपरा टाळून, आन् फिरता-फिरता त्या लाल गाडीच्या काचेतनं आत बघायचा. सीटवर डाग वाळून पिवळा पडला हुता. हालचाल करायला जरा बरा झाला तसा एक दिवस सकाळी तो बादली आन् फडकं घेऊन माझ्या दारात आला. कपाळावर घाम, पण साधा, उन्हाचा.

"वहिनी, किल्ली द्या."

दिली. मी दारातच खुर्ची टाकून बसलो. आत्याबाई त्यांच्या खिडकीत. पूर्णिमा कपडे वाळत घालायची थांबली हुती.

त्यानं दार उघडलं. वास त्याच्या तोंडावर आला असणार, मान मागं गेली त्याची. मग वाकला आन् पुसायला लागला. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, आन् हातात कळकट फडकं. पाणी बदलायला उठला तवा थांबला आन् कोपऱ्याकडं हात करून म्हणाला, "आता तरी ते काढा, वहिनी. मी बोललो की सगळं."

"काय काढू? अर्थिंग हाय ते. मीठ आन् कोळसा. वायरीचा करंट जमिनीत जायला घालत्यात. कुठल्याबी वायरमनला इचारा."

त्याला कळायला वेळ लागला. तोंडावरचा रंग गेला, मग परत आला. "म्हंजे... करणी न्हवती?"

"न्हवती."

"मग मी उगंच..."

"उगंच न्हाय. खरं तेच बोललासा."

तो बादली धरून तसाच ऱ्हायला. मग नळावर गेला, पाणी भरून आणलं आन् परत वाकला. दमला हुता. पुसता-पुसता माझ्याकडं बघायचा, परत पुसायचा. मला म्हाईत हाय तो कशाची वाट बघत हुता. आपल्यात पाव्हणा ताट उचलायला लागला, थोरा-मोठ्यानं झाडू हातात घेतला, तर कुणी बी पटकन म्हणतंय, "ऱ्हाऊ द्या की, ऱ्हाऊ द्या." वैऱ्यालाबी म्हणतंय. तोंडातनं आपोआप येतंय ते. पूर्णिमा माझ्याकडं बघत हुती, आत्याबाई माझ्याकडं बघत हुत्या, आन् विजयसिंह हातात फडकं धरून थांबला हुता.

मी खुर्चीतनं उठलो, गाडीजवळ गेलो आन् वाकून बघितलं.

"त्या फटीत ऱ्हायलंय," मी म्हटलं.